घरातला समुद्र – भाग ६ : कोळंबी लपली, म्हणजे काय झालं?

क्लीनर कोळंबी टाकीत आली, की पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक घरांत एक घबराट होतेच. सकाळी दगडापाशी ती निपचित पडलेली दिसते. मिशा, पाय, शेपूट, सगळं जागच्या जागी. जवळून पाहा: आतून पोकळ आहे आणि डोक्यामागे पाठीवर उसवलेली आहे. ती कोळंबी नव्हे, तिने टाकलेली कात आहे.

कोळंबीचं कवच अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून वाढायचं तर ते टाकावंच लागतं. नवं कवच सुरुवातीला मऊ असतं. एरवी तिला न छेडणारा मासाही तेव्हा तिचा लचका तोडू शकतो. म्हणून ती कपारीत शिरते आणि खायलाही बाहेर येत नाही. अशा वेळी तिला शोधायला दगड हलवू नका.

धडधाकट क्लीनर कोळंबी मात्र उघड्यावर असते. लाल पाठीवर पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा; दगडाच्या कडेवर उभी राहून डोलते. मासा जवळ येऊन थांबतो, तोंड उघडतो आणि ती त्याच्या अंगावरचे परजीवी, मेलेली त्वचा टिपून खाते. ऑस्ट्रेलियातल्या प्रवाळ खडकांवर अशाच एका जातीवर झालेला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. भुकेली कोळंबी जास्त डोलते, असं त्यात दिसलं. मला या प्राण्याची ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

नेहमी बाहेर असणारी कोळंबी दिवसेंदिवस लपून राहिली आणि कातही दिसली नाही, तर आधी पाणी तपासा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागे राहतं. 100 लिटर टाकीत लिटरला 35 ग्रॅम क्षार असतील आणि 5 लिटर पाणी उडालं, तर प्रमाण जवळपास 37 ग्रॅमवर जातं. मासे हा फरक बऱ्यापैकी सोसतात, कोळंबी तितका सोसत नाही. उडालेल्या पाण्याची भर रोज थोडी थोडी, आणि आरओच्या गोड्या पाण्यानेच घाला. खारं पाणी घातलंत तर क्षार आणखी वाढतील. थंडीत हीटर 25 अंशांच्या आसपास ठेवा.

दुसरा धोका तांब्याचा. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्यात तांबं असतंच, पण पाण्यात विरघळलेलं तांबं थोडंसंही तिला मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरची अनेक औषधं तांब्याची असतात. ती मुख्य टाकीत कधीच घालू नका, कारण तांबं वाळूत आणि दगडांत मुरून राहतं. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवा.

आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदार वाचकांना आवर्जून सांगतो: बोर्डो मिश्रणातलं मोरचूद म्हणजे तांबंच. फवारणीची बादली किंवा मग टाकीसाठी वापरू नका आणि हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतल्याशिवाय पाण्यात घालू नका.

(पुढील भागात : पिस्तूल कोळंबी आणि तिचा सोबती गोबी मासा)