एक दवाखाना, अनेक वह्या

लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत एक वैद्य दवाखाना चालवितात. त्याच इमारतीत त्यांचे चूर्णे, काढे व काष्ठौषधींचे दुकान आहे आणि एक मदतनीस पुड्या बांधतो. आमच्या वाचकांस हे चित्र नवे नाही. अनेकांचे स्वतःचेच आहे. शासनाच्या दृष्टीने येथे व्यवसाय किती, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेच्या नोंदपुस्तकात व्यक्तीची नोंद आहे, जागेची नाही. जागेची नोंद गुमास्ता कायद्याखाली. परंतु 2017 च्या नव्या अधिनियमानुसार कामगार थोडे असल्यास केवळ सूचना पुरते. जीएसटीचा पंधरा अक्षरी क्रमांक पॅनवर आधारलेला असतो. वैद्यकीय सेवा करमुक्त आणि दुकानाची उलाढाल मर्यादेखाली असल्यास तेथे दोहोंचाही ठावठिकाणा नाही. औषधनिर्मितीस 1940 च्या कायद्याखाली परवाना लागतो, आयुर्वेदिक औषधांच्या नुसत्या विक्रीस लागत नाही. 1 जुलै 2020 पासूनची उद्यम नोंदणी ज्याने केली त्याची झाली. अशा वह्या पुष्कळ. एकीचा दुसरीशी मेळ नाही.

द्रव्यगुणाचा अभ्यास केलेल्यास ही अडचण सहज उमजेल. गुडूची, अमृता, गुळवेल ही एकाच वेलीची नावे. उलट ‘रास्ना’ या एकाच नावाने उत्तरेत, बंगालात व दक्षिणेत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. व्यवसायांच्या याद्यांत हे दोन्ही दोष आहेत. एकच दुकान दोनदा मोजले जाते, किंवा दोन व्यवसाय एक समजले जातात. यावर उपाय म्हणून देशभरातील व्यवसायांचा एकच नोंदणीपट असावा, ही कल्पना आहे. फ्रान्समध्ये ‘सिरेन’ ही नोंदवही 1973 पासून आहे. तेथे संस्थेस नऊ अंकी क्रमांक, आणि तिच्या प्रत्येक जागेस त्यापुढे पाच अंक जोडून चौदा अंकी क्रमांक मिळतो. मालक एक व जागा अनेक, हा गुंता त्यांनी अंकांतच सोडविला.

आपल्याकडे आर्थिक गणना 1977 पासून होते. पहिल्या गणनेत किमान एक पगारी माणूस असलेल्या बिगरशेती आस्थापनाच मोजल्या गेल्या. जानेवारी 2013 ते एप्रिल 2014 या काळातील सहाव्या गणनेत देशात सुमारे 5.85 कोटी आस्थापना व त्यांत 13.13 कोटी माणसे आढळली. म्हणजे आस्थापनेमागे सरासरी सव्वादोन माणसे. त्या गणनेवरून जी निर्देशिका तयार झाली तीत मात्र आठ वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनाच घेतल्या गेल्या! वैद्यांचे दवाखाने व लहान औषधालये मोजली गेली, पण पत्त्यानिशी नोंदली गेली नाहीत. सातवी गणना 2019 मध्ये भ्रमणध्वनीवर सुरू झाली. तिचे राष्ट्रीय निष्कर्ष प्रसिद्ध झाले नाहीत.

आम्हांस आठवते, सहाव्या गणनेचा प्रगणक भर दुपारी आला. दवाखाना बंद होता. शेजारच्या किराणा दुकानदाराने ‘औषधांचे दुकान आहे’ एवढे सांगितले आणि तेच लिहिले गेले असावे. मिश्र कामाच्या आस्थापनेस प्रमुख कामाचा सांकेतांक लागतो. राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात आयुर्वेद चिकित्सकांना स्वतंत्र सांकेतांक आहे, आयुर्वेदिक व युनानी औषधनिर्मितीस 21003 हा आहे. शेजाऱ्याच्या एका वाक्याने चिकित्सक किरकोळ विक्रेत्यांत गणला जातो. तालुक्यात किती आयुर्वेदिक दवाखाने आहेत असे उद्या कोणी विचारले, तर त्या उत्तरात आम्ही नसू. औषधी वनस्पतींची मागणी किंवा आमच्या क्षेत्रातील रोजगार यांचे अंदाज अशाच आकड्यांवर बेतले जातात.

माहिती दिली की कराची नोटीस येईल, ही भीती आमच्या व्यवसायबंधूंत मोठी आहे. ती सर्वस्वी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. वह्या जोडल्या गेल्या की शंका येणारच. तथापि सांख्यिकी संकलन अधिनियम, 2008 नुसार त्या कायद्याखाली गोळा केलेली वैयक्तिक माहिती सांख्यिकीखेरीज अन्य कामासाठी वापरता येत नाही. एकत्रित नोंदणीपट करताना हीच भिंत शाबूत ठेवावी, ही आमच्या संघटनेने आग्रहाने मांडण्याची गोष्ट आहे.

राहिला पत्ता. येथे कोणी ‘लासूर’ लिहितो, कोणी ‘लासूर स्टेशन’, कोणी ‘सावंगी’. आणि 2023 मध्ये जिल्ह्याचे नावही बदलले. यंत्राला ही चार गावे वाटतात. म्हणून गुमास्ता, उद्यम व परिषद यांच्या कागदांवर आपले नाव व पत्ता अक्षरशः सारखा करून घ्यावा, दवाखाना व दुकान यांचे हिशेब वेगळे ठेवावेत, आणि प्रगणक दुपारी आला तर कोणास विचारावे, ते फलकावर लिहून ठेवावे.