पर्शियन मांजरातील आनुवंशिक मूत्रपिंडविकार आणि दत्तकाचा प्रश्न

आश्रयगृहातून दत्तक दिलेल्या पर्शियन मांजराच्या मातापित्यांची नोंद बहुधा उपलब्ध नसते. अशा मांजराच्या ठिकाणी त्या जातीचा आनुवंशिक रोग आहे किंवा कसे, हे ठरवावयाचे कशावरून? बहुपुटीय मूत्रपिंडविकार हे या प्रश्नाचे उत्तम अभ्यासले गेलेले उदाहरण होय.

या विकारात मूत्रपिंडामध्ये द्रवाने भरलेल्या लहान पुटी जन्मतःच असतात. त्या वर्षानुवर्षे सावकाश वाढतात व कार्यक्षम ऊतकाचा नाश करतात. अतितृष्णा, अन्नावरील वासना उडणे, वजन घटणे ही लक्षणे साधारणतः सातव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागतात. तोपर्यंत प्रजनन होऊन गेलेले असते. म्हणूनच हा दोष जातीत टिकून राहिला. जनुकीय चाचणी प्रचारात येण्यापूर्वी ब्रिटन, फ्रान्स व ऑस्ट्रेलिया येथे तपासलेल्या पर्शियन मांजरांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक मांजरे बाधित आढळली होती.

विकाराचे कारण २००४ मध्ये लेस्ली लायन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात उघड केले. ‘पीकेडी-१’ या जनुकात सायटोसीनच्या जागी अ‍ॅडेनीन आल्याने प्रथिननिर्मिती मध्येच थांबविणारा संकेत उत्पन्न होतो. हा दोष प्रभावी असल्याने त्याची एकच प्रत रोगास पुरेशी होते. दोन सदोष प्रती लाभलेला भ्रूण जगत नाही, असे मानले जाते. परिणामी बाधित मांजराच्या संततीपैकी सरासरी निम्म्या पिलांत दोष उतरतो. उरलेली पिले त्यापासून पूर्णतः मुक्त असतात. अप्रभावी दोषांत आढळणारा निरोगी वाहक येथे संभवत नाही.

निदानाच्या दृष्टीने लांब केस वा चपटा चेहरा हा केवळ संशयाचा आधार होय, पुरावा नव्हे. रक्तातील क्रिएटिनीन मूत्रपिंडाचे बरेचसे कार्य नष्ट झाल्यावरच वाढते. सोनोग्राफी सुमारे दहा महिन्यांच्या वयानंतर विश्वसनीय ठरते. गालाच्या आतील पेशींवरील जनुकीय चाचणी मात्र कोणत्याही वयात करता येते.

तथापि या चाचणीची मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दोष आढळला नाही, तर हा एक ज्ञात दोष वगळला जातो. इतर रोग नव्हेत. दोष आढळला, तरी मूत्रपिंडे केव्हा निकामी होतील हे कळत नाही. काही बाधित मांजरे वार्धक्यापर्यंत जगतात. रोगावर मुळापासून उपाय नाही. परंतु मुबलक पाणी, योग्य आहार, वजन व रक्तदाब यांची नियमित तपासणी आणि मूत्रपिंडास अपायकारक औषधांचा परिहार यांचा उपयोग होतो.

एकच चाचणी पैदासकार व पालक यांना भिन्न प्रश्नांची उत्तरे देते. कोणत्या मांजराची संतती घेऊ नये, हे पैदासकाराने तिच्यावरून ठरवावयाचे असते. निर्बीजीकरण झालेल्या मांजरापासून दोष पुढे जाण्याचा मार्गच बंद होतो. तेथे उरतो तो केवळ शुश्रूषेचा प्रश्न. यास्तव बाधित असल्याच्या निष्कर्षावरून आश्रयगृहातील मांजर नाकारल्याने जातीचे काहीच हित साधत नाही. त्या मांजराचे घर मात्र हिरावले जाते.