मोटारसायकलीचा कल : न दिसणारे मोजण्याची विद्या

धार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गंधवानी आहे, आणि त्याच जिल्ह्यात पीथमपूर येथे वाहनांच्या चाचण्यांचे ‘नॅट्रॅक्स’ हे केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेग धावपट्टीचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. गंधवानीच्या बाजारास मागे धान्याचे पोते बांधून मोटारसायकलीवर निघालेल्या शेतकऱ्याचा अशा चाचण्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो त्याच्या जिवाशी आहे.

दुचाकी कलल्यावाचून वळत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचे वळण घ्यावयाचे, तर तिला सुमारे २७ अंश कलावे लागते. हा कल यंत्राने कसा ओळखावा? गवंड्याचा ओळंबा सहज आठवतो. परंतु वळणात ओळंबा फसवितो. तो गाडीच्या बरोबरीने कलतो आणि गाडी सरळ उभी असल्याची ग्वाही देतो. दुसरे साधन घूर्णमापक. गाडी किती वेगाने कलते आहे हे ते सांगते. क्षणाक्षणाची बेरीज केली की कोन मिळतो. मात्र त्यात सेकंदास एक दशांश अंशाची चूक कायम राहिली, तर मिनिटभरात ती ६ अंशांची होते.

अशा वेळी गणितातील ‘निरीक्षक’ साह्यास येतो. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड लुएनबर्गर यांनी १९६४ मध्ये ही कल्पना मांडली. विद्यार्थ्याच्या मनातील गोंधळ शिक्षकास दिसत नाही. पण अपेक्षित उत्तर आणि मिळालेले उत्तर यांतील अंतरावरून तो आपला अंदाज सुधारीत जातो. निरीक्षकही तेच करतो. गाडीची गणिती प्रतिमा तो तिच्याबरोबर चालवितो, चाकांचा वेग व घूर्णमापकाचा आकडा काय यावा हे आधी सांगतो, आणि प्रत्यक्ष आकड्याशी जो फरक पडेल त्याच्या प्रमाणात कलाचा अंदाज दुरुस्त करतो. ही दुरुस्ती अखंड चालते.

मोटारसायकलीसाठी हा निरीक्षक अरेखीय असावा लागतो. वेग दुप्पट झाला तर त्याच वळणास लागणारे बल चौपट होते, आणि टायरचे बलही एका मर्यादेनंतर वाढत नाही. शिवाय हँडलाची गंमत वेगळीच. वेगात डावीकडे वळताना स्वार नकळत हँडल क्षणभर उजवीकडे ढकलतो. चाक खालून बाहेर सरकते, गाडी डावीकडे कलते, आणि मगच हँडल आत वळते. स्वाराच्या हातांचा हा जोर मोजणे कठीण. म्हणून काही निरीक्षक तोही अज्ञात मानून कलाबरोबरच शोधतात.

हे सर्व कशासाठी? टायरची पकड एकच, आणि ती वळणे व थांबणे या दोहोंत वाटली जाते. आपल्या वळणात वजनाच्या ५१ शतांश इतके बल वळण्यातच खर्च होते. खडी पसरलेल्या सडकेवर एकूण पकड ५५ शतांश आहे असे समजू. मग पायथागोरसच्या नियमाने ब्रेकसाठी जेमतेम २० शतांश उरते. तेवढ्यात ब्रेक जोरात दाबला की चाक घसरते. कल ठाऊक असेल, तर यंत्र ब्रेकचा दाब वेळीच आवरते. अशी व्यवस्था २०१३ पासून काही महागड्या मोटारसायकलींत आली.

परंतु निरीक्षकाचे गणित गाडीच्या वजनावर व गुरुत्वमध्याच्या उंचीवर उभे असते. मागे पोते आले, दोन माणसे बसली, की प्रतिमा खरी राहत नाही. तरीही अंदाज ढळू नये, हीच या संशोधनाची खरी कसोटी होय. आपल्या खेड्यांतील बहुतेक गाड्यांत ही व्यवस्था नाही. तेथे निरीक्षक स्वार स्वतःच. त्याने वेग वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच, कमी करावा; कललेल्या गाडीला ब्रेकची परीक्षा द्यावयास लावू नये.