गांवचा जलसा आणि घरचा तंबोरा

“आमच्या गांवांत गाणें कोठें आहे?” असें आम्हीं आजवर इतक्या वेळां म्हटलें आहे कीं, पुढें पुढें त्यास तक्रारीपेक्षां सवयीचेंच स्वरूप आलें. धाड हें बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळचें गांव. पलीकडे भोकरदनची बाजू, जेथें १९४८ पर्यंत निजामी अंमल होता. हद्दीवरच्या गांवास उत्तम वस्तु लांबूनच यावयाच्या, अशी आमची समजूत. पुण्यामुंबईस गेलों म्हणजे एखादी बैठक साधावयाची आणि परत आल्यावर वर्षभर तिचें वर्णन करावयाचें, एवढीच आमची संगीतसेवा.

वास्तविक चार आळ्या पलीकडे पांचसहा तरुण दर पौर्णिमेस एका घराच्या ओसरीवर गाणें करितात, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यांनीं दोनदां बोलाविलें आणि दोनदां आम्हीं प्रकृतीची सबब सांगितली. खरें कारण निराळें होतें. दिवसा दुकानांत किंवा शेतांत राबणारीं हीं मुलें गाऊन गाऊन काय गाणार, ही एक आढ्यता. आणि घरच्या बायकामुलांनीं रात्रीं दहानंतर परक्या ओसरीवर बसावें हें रुचत नव्हतें, ही दुसरी गोष्ट. तिसऱ्या खेपेस सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “मामंजी, तुम्ही येत नसाल तर मी धाकटीला घेऊन जाऊन येतें.” तेव्हां, अर्धा तास बसून उठावें, असा बेत करून आम्ही चैत्री पौर्णिमेस निघालों.

व्यासपीठ नव्हतें, फलक नव्हता. एक सतरंजी, एक पेटी, तबल्याची जोडी आणि समोर चाळीसेक माणसें. आरंभीं एका तरुणानें यमनाची बंदिश घेतली. अंतऱ्याला त्याची थोडी घाई झाली. परंतु स्वर लागला तो खरा लागला. पाठोपाठ भजनी मंडळींपैकीं एका वृद्ध गृहस्थांनीं खंजिरी हातीं घेतली. तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) या साध्या वाद्यावर वऱ्हाडांतलीं गांवेंच्या गांवें जागीं केलीं, हें आम्ही वाचून होतों; तो ठेका छातींत कसा शिरतो तें त्या रात्रीं कळलें. आमचा अर्धा तास केव्हांच उलटून गेला होता.

मध्यंतरीं एक प्रसंग घडला. कोपऱ्यांत एक जुना तंबोरा उभा होता. पण तो जुळवितां येणारें कोणी नसल्यामुळें मुलांनीं मोबाइलमधला सूर लावून ठेविला होता. सूनबाई उठल्या, तंबोरा पुढें घेतला आणि खुंट्या पिळूं लागल्या. मध्यम, जोड, खर्ज अशा तारा एकामागून एक जुळत गेल्या. मणी सरकले, जिवाळीचे दोरे जागेवर बसले, आणि जवारी बोलूं लागली. मोबाइल कोणीं बंद केला तें कळलेंहि नाहीं. पुढचा मालकंस त्या तंबोऱ्यावर झाला, आणि सारा वेळ तो आमच्या सूनबाईंच्या हातीं होता. आमच्या घरांत येऊन त्यांस अकरा वर्षें झालीं. त्यांना तंबोरा लावितां येतो, हें आम्हांस त्या रात्रीं समजलें!

घरीं परततांना विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या होत्या. प्रमाणपत्र ट्रंकेंत आहे.”

झोंप आली नाहीं. संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव आठवला. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेला हा पंडित हुद्यानें हिशेबाच्या खात्याचा अधिकारी होता. दिवसा जमाखर्च पाहणाऱ्यानें भारतीय संगीताचा आधारग्रंथ लिहावा आणि आम्हीं दुकानांतल्या मुलाच्या यमनास नाक मुरडावें! त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायांत नर्तनाबरोबर सभेचें व सभापतीचेंहि वर्णन येतें. शास्त्रकारानें ऐकणारासहि कलेंत स्थान दिलें आहे, तें उगाच नव्हे.

पुढें विष्णु दिगंबर पलुस्करांनीं १८९६ सालीं मिरजेचा आश्रय सोडला आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. तें राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चाललें. १९३१ सालीं ते निवर्तले. त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. सूनबाईंची मध्यमा त्याच मंडळाची. म्हणजे लाहोरास लाविलेल्या वेलीची एक फांदी धाडला येऊन पोंचली होती, आणि ती आमच्याच ट्रंकेंत वाळत पडली होती.

लोकाश्रय, लोकाश्रय म्हणून आपण बोलतों, तेव्हां ‘लोक’ म्हणजे दुसरे कोणी, असें आपण धरून चालतों. त्या रात्रीं तबक फिरलें, त्यांत तबल्याची पुडी बदलण्याइतकेहि पैसे जमले नाहींत. आम्हीं दक्षिणा टाकिली खरी. परंतु खरें देणें घरांत थकलें होतें. बारा माणसांच्या घरांत सकाळचा चहा, पूजेची तयारी, मुलांचे डबे हें सारें एकीच्या अंगावर असतां तिनें रियाझ केव्हां करावा? अकरा वर्षांत हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं, आणि तिनेंहि काढला नाहीं. एकत्र कुटुंबांत कोणी कोणाचें गाणें बंद करीत नाहीं. त्याला फक्त वेळ उरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमच्या कुटुंबाशीं बोलून ठरविलें : पहाटेचा एक तास सूनबाईंचा, चहा आम्ही करूं, आणि डबे सासूबाई भरतील. पहिल्या दिवशीं आमचा चहा अतिगोड झाला. आंतल्या खोलींतून मात्र षड्ज लागला होता. प्रथम किंचित् कांपरा, मग स्थिर.

ती ओसरी ज्यांची, त्यांस घराची दुरुस्ती काढावयाची आहे. पुढील पौर्णिमेस मंडळींना जागा नव्हती. ती बैठक आतां आमच्या पडवींत व्हावयाची आहे. वाचकांस येथपर्यंत येणें घडेल न घडेल. परंतु आपापल्या घरांतील ट्रंका त्यांनीं एकदां उघडून पाहाव्या, एवढीच विनंती.