ख्रिस्ती प्रार्थनावह्या आणि आजाऱ्याचें तेल

बीड प्रांतांत जुनीं दप्तरें चाळणारास महानुभावी पोथ्या, अंबाजोगाईकडील दासोपंती बाडें व मोडी कागद यांचीच अपेक्षा असते. त्यांत एखादी हस्तलिखित ख्रिस्ती प्रार्थनावही निघाली, तर ती किरकोळ म्हणून बाजूस पडण्याचाच संभव अधिक. अशा वहीवर तिथि किंवा लेखकाचें नांव नसलें, तरी आजाऱ्यासाठीं करावयाच्या प्रार्थनेचें प्रकरण पाहून तिचें कूळ पुष्कळ अंशीं ठरवितां येतें, असें आमचें मत आहे.

मूळ सर्वांचें एकच. आजाऱ्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें व त्यांनीं त्यास तेल लावून प्रार्थना करावी, अशी आज्ञा याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत आहे. पुढें युरोपांत हा विधि बहुतेक मरणोन्मुखापुरताच उरला. ट्रेंटच्या धर्मसभेनें इ. स. १५५१ त, म्हणजे दासोपंतांच्या जन्मवर्षींच, तो संस्कार असल्याचें पुन्हा ठरविलें. इंग्लंडांत उलट झालें. तेथील १५४९ च्या प्रार्थनापुस्तकांत आजाऱ्यानें मागितल्यास तेल लावण्याची मुभा होती. १५५२ त ती गेली, प्रार्थना तेवढी राहिली.

अहमदनगरास १८३१ त ठाणें घालणारें अमेरिकन मराठी मिशन काय, किंवा जालन्याजवळ बेथेल वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि काय, हे प्रॉटेस्टंट परंपरेचे. त्यांच्या वळणाच्या वहींत शास्त्रपाठ व प्रार्थना सांपडतील, तेल बहुधा नाहीं. मात्र विसाव्या शतकांत पेंटेकोस्त पंथीयांनीं तेलाची चाल पुन्हा उचलली, हें विसरूं नये.

तेल असेल तर त्या विधीचें नांव पाहावें. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ त गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें, म्हणजे दासोपंतांच्या निधनाच्या शके १५३७ ला लागूनच. रोमन लिपींतील त्याच्या प्रतींत धर्मविषयक संज्ञा पुष्कळदां पोर्तुगीज आहेत. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतींत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द येतात. ही प्रत १९२३ त विद्वानांच्या नजरेस आणणारे जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचेच, व दासोपंतचरित्राचे इंग्रजी भाषांतरकारही तेच. देवनागरी पाठ मूळचा, असा त्यांचा निर्णय होता. तो सिद्ध झाला असें आम्हांस वाटत नाहीं. मागाहूनच्या एखाद्या लेखकानें फिरंगी शब्द काढून भाषा शुद्ध केली असणेंही तितकेंच शक्य आहे. तेव्हां पोर्तुगीज नांव गोव्याकडे बोट दाखवितें खरें, परंतु संस्कृत नांवावरून वही जुनी ठरवूं नये.

कॅथॉलिक वहीस आणखी एक सीमा आहे. ऑलिव्हचें तेल दुर्मिळ असेल तेथें दुसरें वनस्पतिजन्य तेल घेण्याची परवानगी सहावे पोप पॉल यांनीं १९७२ त दिली. बिशपनें आशीर्वाद दिलेलें करडईचें किंवा भुईमुगाचें तेल वापरण्याची सूचना वहींत असेल, तर तो मजकूर त्यापूर्वींचा मानणें कठीण. बीड जिल्हा ज्यांत मोडतो तो औरंगाबाद धर्मप्रांत तर १९७७ चा.

अशा वहीचीं तेलकट पानें संग्राहकांनीं धुऊं किंवा पुसूं नयेत; कोणतें प्रकरण नित्य वापरांत होतें तें त्यांवरूनच कळतें. समासांत आजाऱ्यांचीं नांवें असल्यास नक्कल करून ठेवावी, छापूं मात्र नयेत. त्यांचीं घराणीं गांवांत नांदत असतील.