दोन कार्डे, एक किंमत

बेंगळुरूच्या टाऊन हॉलपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर सदर पत्रप्पा रस्ता आहे. सारे शहर त्याला ‘एस. पी. रोड’ याच नावाने ओळखते. चिकपेट किंवा के. आर. मार्केट मेट्रो स्थानकावर उतरूनही तेथे चालत जाता येते. रस्ता अरुंद, आणि दोन्ही बाजूंना संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून उभी. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, पुणे या भागांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी या शहरात आलेल्या तरुणांची संख्या मोठी असल्याने या गर्दीत मधूनच मराठीही कानावर पडते. पगारातून महिनोन्‌महिने बाजूला टाकलेली रक्कम खिशात घेऊन यांतील काही जण येथे येतात ते संगणकावरील खेळांसाठी लागणारे ‘ग्राफिक्स कार्ड’ विकत घेण्याकरिता. (बँकेच्या नियतकालिकात ‘कार्ड’ म्हटले की वाचकांना दुसरेच कार्ड आठवणार, त्याचाही उल्लेख पुढे यायचा आहे.)

दुकानदार दोन खोकी समोर ठेवतो. एक एनव्हिडियाचे, एक एएमडीचे. किमतीत फरक असला तर हजार-पाचशेचा. कोणते घ्यावे? सुमारे तीस हजार रुपयांचा हा प्रश्न असल्याने तो केवळ पोराटोरांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

पडद्यावर हलणारे दृश्य म्हणजे सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रेखाटलेल्या चौकटी होत. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर एका चौकटीत सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात आणि प्रत्येकाचा रंग दर वेळी गणित करून ठरवावा लागतो. हे काम ग्राफिक्स कार्डावरील हजारो लहान गणकयंत्रे एकाच वेळी करतात. या बाजारात मुख्य स्पर्धा आहे ती १९९३ साली स्थापन झालेली एनव्हिडिया आणि २००६ साली ‘एटीआय’ ही कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात उतरलेली एएमडी यांच्यात. गंमत अशी, की दोघांचीही अभियांत्रिकी केंद्रे बेंगळुरूतच आहेत. एएमडीने तर आपले जगातील सर्वांत मोठे आरेखन केंद्र नोव्हेंबर २०२३ मध्ये याच शहरात सुरू केले. एस. पी. रोडवरचा ग्राहक दोन खोकी हातात तोलून पाहत असतो, तेव्हा दोन्ही पक्षांचे अभियंते त्याच शहराच्या वाहतूककोंडीत अडकलेले असतात!

उदाहरणादाखल २०२५ सालची जोडी पाहू. एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ५०६०’ मे महिन्यात आले, एएमडीचे आठ जीबी स्मृतीचे ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ जूनमध्ये. दोहोंची जाहीर किंमत एकच, २९९ डॉलर. डॉलरला ८५-८६ रुपये हा तेव्हाचा दर आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर हिशेब तीस हजारांच्या आसपास जातो. व्यापाऱ्याचा नफा वेगळा.

खोक्यावरचे आकडे वाचून निवड करू पाहणारा येथेच फसतो. एनव्हिडियाच्या कार्डात ३,८४० गणकयंत्रे, एएमडीच्या कार्डात २,०४८. मग पहिले जवळजवळ दुप्पट वेगवान म्हणावे काय? मुळीच नाही. दोन्ही कंपन्यांची घडण वेगळी, मोजण्याची रीत वेगळी. हे आकडे एकाच कंपनीच्या दोन कार्डांची तुलना करण्यापुरतेच उपयोगी. तीच गत सेकंदाला किती चौकटी मिळतात याच्या सरासरीची. बँकेच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. खात्यातील महिन्याची सरासरी शिल्लक उत्तम असली, तरी नेमक्या ज्या दिवशी खाते रिकामे असेल त्या दिवशी आलेला धनादेश परत जातोच. खेळतानाही डोळ्यांना खटकतो तो ऐन चकमकीतला क्षणभराचा अडखळा. म्हणून चांगल्या चाचण्यांत सरासरीसोबत सर्वांत मंद एक टक्का चौकटींचा वेगही दिलेला असतो. तो आधी पाहावा.

हा अडखळा बहुधा कार्डावरील स्मृती अपुरी पडल्याने येतो. पूर्वी शाखेत रोजच्या खातेवह्या काउंटरवर हाताशी असत आणि जुनी कागदपत्रे दफ्तरखान्यात. टेबलावर मावेनासे झाले की शिपायाच्या फेऱ्या सुरू होत आणि रांग खोळंबे. खेळातील भिंती, झाडे, चेहरे यांची चित्रे कार्डाच्या स्मृतीत मावली नाहीत, तर ती संगणकाच्या मुख्य स्मृतीतून ओढून आणावी लागतात आणि रांग तशीच खोळंबते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’सारख्या खेळात चित्रांची गुणवत्ता वाढवताच आठ जीबी स्मृती अपुरी पडू लागते.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मदरबोर्डवरील ज्या खाचेत कार्ड बसते, तिच्यातून ही ने-आण होते. एनव्हिडियाचे हे कार्ड त्या खाचेच्या आठच मार्गिका वापरते, तर एएमडीचे सोळा. संगणक नवा असेल तर फरक क्वचितच जाणवेल. मात्र सहा-सात वर्षांपूर्वीच्या संगणकात, जेथे प्रत्येक मार्गिकेचा वेगच कमी आहे, आठ मार्गिकांचे कार्ड स्मृती भरताच अधिक अडखळते. जुन्या यंत्रात नवे कार्ड घालणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

उलट बाजूही आहे. बेंगळुरूतील तरुण दिवसा ज्या क्षेत्रात काम वा अभ्यास करतो, त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा किंवा ‘ब्लेंडर’सारख्या त्रिमिती चित्रणाचा भाग असेल, तर एनव्हिडियाची २००७ पासून रुळलेली ‘कुडा’ ही प्रणाली फार मोठा आधार ठरते. कमी बिंदूंत रेखाटलेले चित्र मोठे व सुबक करून दाखविण्याची सोयही तिच्या कार्डांसाठी अधिक खेळांत उपलब्ध आहे. लिनक्स वापरणाऱ्याला मात्र एएमडीचे मुक्त ड्रायव्हर अधिक सुखाचे वाटतात.

आणि घरचा पडदा? तो सेकंदाला साठच चौकटी दाखवीत असेल, तर एका कार्डाने ९५ आणि दुसऱ्याने ११० चौकटी काढल्याचा डोळ्यांना फारसा लाभ नाही. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ एवढेच खेळणाऱ्याला, अथवा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली आणलेला ‘राजी’ हा देखणा खेळ खेळू इच्छिणाऱ्याला यांतील कोणतेही कार्ड पुरून उरेल. त्याने स्वस्त पडेल ते घ्यावे.

परंतु नवे, भव्य खेळ खेळायचे आणि कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असा विचार असेल, तर प्रस्तुत लेखकाच्या मते आठ जीबीच्या दोन कार्डांत घासाघीस करीत बसण्यापेक्षा दोन महिने थांबावे. त्याच ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ची सोळा जीबी आवृत्ती ३४९ डॉलरना जाहीर झाली होती. हे पन्नास डॉलर कारणी लागतात. खोक्यावरील नाव एकच असल्याने जीबीचा आकडा मात्र स्वतः वाचून घ्यावा. २०१६ साली एनव्हिडियाच्या ‘जीटीएक्स १०६०’ या एकाच नावाखाली तीन व सहा जीबीची दोन कार्डे विकली गेली. त्यांत केवळ स्मृतीचा फरक नव्हता. गणकयंत्रेही एकात १,१५२ आणि दुसऱ्यात १,२८० होती.

विजेचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. वरील जोडीत एक १४५ वॉट घेते, दुसरे १५०. म्हणजे फरक नाहीच. पण त्याआधीच्या, २०२३ सालच्या जोडीत ‘आरटीएक्स ४०६०’ ११५ वॉट घेई आणि ‘आरएक्स ७६००’ १६५. रोज तीन तास खेळल्यास पन्नास वॉटचा हा फरक वर्षाला सुमारे ५५ युनिट होतो. युनिटला सात रुपये धरले तर ३८५ रुपये, चार वर्षांत पंधराशेच्या वर. दुकानात हजार रुपयांनी स्वस्त मिळालेले कार्ड अशा रीतीने महाग पडू शकते. बेंगळुरूची हवा निदान पंख्यांवर दया करते. नागपूरच्या मे महिन्यात खेळणाऱ्याने उष्णतेचाही विचार करावा.

राहता राहिला कागदाचा प्रश्न. तीस हजारांच्या बिलात सुमारे ४,५७६ रुपये कर असतो. तो वाचविण्यासाठी “बिलाशिवाय घेता का?” असे विचारणारा कोणी भेटल्यास नम्रपणे नकार द्यावा. कार्ड तिसऱ्या वर्षी बंद पडले, तर हमीचा दावा बिल आणि त्यावर नोंदविलेला अनुक्रमांक यांच्याच बळावर करता येतो. परदेशातून कोणी आणून दिलेल्या कार्डाची हमी भारतात चालेल काय, हेही आधीच विचारून घ्यावे.

आता ते दुसरे कार्ड. क्रेडिट कार्डावर ‘बिनव्याजी’ हप्त्यांची पाटी दिसली, तर रोख किंमत किती असे आधी विचारावे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज बहुधा हुकलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातील व्याजाच्या रकमेवर १८ टक्के कर वेगळा लागतो. दोन्ही खोक्यांची रोखीची किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज असे चार आकडे कागदावर मांडून मग दुकानदाराला हवे ते खोके उघडायला सांगावे.