भाम ते भागीरथी: बर्गी का थांबले?

मोंगोल युरोपातून माघारी का फिरले, या प्रश्नाने मला शाळेपासून झपाटलं आहे. एप्रिल १२४१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने लेग्निट्झ आणि मोही इथे पोलंड-हंगेरीच्या फौजा कापल्या गेल्या, हिवाळ्यात गोठलेली डॅन्यूबही पार झाली, आणि १२४२ च्या वसंतात बातूखानाने घोडी वळवली. कुणी तिकडे मंगोलियात वारलेल्या ओगताईखानाकडे बोट दाखवतं, कुणी हंगेरीतल्या अपुऱ्या चाऱ्याकडे, कुणी दलदलीकडे, तर कुणी दगडी किल्ल्यांकडे. बातू आणि गुयुक या चुलतभावांचं वैर मात्र पुष्कळदा एका ओळीत उरकलं जातं. मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. कारण अशीच एक घोडदौड आपल्याकडूनही निघाली होती आणि तिचं मूळ यवतमाळ जिल्ह्यात आहे.

भाम हे पहिले सेनासाहेबसुभा परसोजी भोसले यांचे पुत्र कान्होजी यांचं ठाणं. त्याच घराण्यातले रघूजी भोसले काही काळ त्यांच्याच पदरी होते. पुढे कान्होजींना मुलगा झाला, दोघांत बिनसलं, आणि शाहू महाराजांचा हुकूम मोडणाऱ्या कान्होजींवर महाराजांनी रघूजींनाच धाडलं. वणीजवळ मंदर इथे कान्होजी हाती लागले आणि साताऱ्याला कैदेत गेले. सेनासाहेबसुभा हे पद रघूजींकडे आलं. नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीची पायाभरणी अशी घरच्याच लढाईत झाली.

१७४२ च्या एप्रिलमध्ये रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले आणि बर्दवानजवळ त्यांनी नवाब अलिवर्दीखानाला कोंडीत पकडलं. नवाबाचा जुना माणूस मीर हबीब त्यांना येऊन मिळाला. मे महिन्यात मुर्शिदाबादेत शिरून त्यांनी जगतशेठ या सावकाराची कोठी लुटली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो अर्धवटच राहिला. आपले बारगीर तिकडे ‘बर्गी’ झाले, आणि आजही बंगाली आया त्यांचं नाव घेऊन मुलं निजवतात.

या स्वाऱ्यांचा सर्वांत जिवंत साक्षीदार म्हणजे गंगाराम नावाचा बंगाली कवी. त्याच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्याची पोथी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मैमनसिंगकडे सापडली. तिच्यावरचा काळ १७५१ चा आहे, म्हणजे घटना आणि लेखन यांत दहा वर्षांचंही अंतर नाही. पोथ्यांचे भारे घेतलेले ब्राह्मण, तराजू घेतलेले सोनार, जाळी खांद्यावर टाकलेले कोळी असं अख्खं गाव वाट फुटेल तिकडे पळताना तो दाखवतो. स्त्रियांवरचे अत्याचार आणि जाळपोळही तो सांगतो. मराठी वाचकाने हे काव्य डोळे न चुकवता वाचावं. गंगारामाला मराठ्यांचा आधीपासून द्वेष नाही, म्हणून तर त्याची साक्ष जड आहे. त्याच्या कथेत पृथ्वीला पापाचा भार झाल्यावर शिवच नंदीला शाहू महाराजांच्या ठायी प्रवेश करायला सांगतो. बर्गी येतात ते देवाच्या इच्छेने. पण ते गोरगरिबांना, ब्राह्मण-वैष्णवांना मारू लागतात तेव्हा देवी कोपते आणि नवाबाच्या बाजूला जाते.

देवीची भाषा बाजूला ठेवली तरी गंगारामाचं म्हणणं मला पटतं. चौथाई वसूल करायची तर पेरणारा माणूस गावात टिकायला हवा. भास्कररामांच्या फौजेने तोच उठवून लावला.

त्यात भागीरथी आडवी आली. पावसाळ्यात तिच्या पलीकडचा बंगाल घोडेस्वारांना दुर्गम झाला. भास्कररामांनी काटव्याला छावणी केली आणि तिथे थाटात दुर्गापूजा मांडली. सप्टेंबर १७४२ च्या अखेरीस, ऐन पूजेत, अलिवर्दीखानाची फौज रात्रीतून होड्यांच्या पुलावरून नदी उतरली. पुलाची होडी बुडून त्याचे बरेच शिपाई गेले, तरी उरलेल्यांनी पहाटे छावणी उधळली. डिसेंबरपर्यंत मराठे चिल्का सरोवरापलीकडे ढकलले गेले.

तरी खरा घाव घरातूनच बसला. १७४३ मध्ये रघूजी स्वतः बंगालमध्ये उतरले, आणि त्यांच्या मागोमाग बाळाजी बाजीराव पेशवे आले ते त्यांना हुसकायला! पेशव्यांनी नवाबाची भेट घेतली, शाहू महाराजांसाठी चौथाईचं आणि स्वतःसाठी बावीस लाख खर्चाचं वचन घेतलं, आणि रघूजींना बंगालबाहेर काढलं. ऑगस्टअखेर शाहू महाराजांनी दोघांना मुलूख वाटून दिले. बंगाल-ओरिसा रघूजींच्या वाट्याला आला खरा, पण सगळ्यांत मोलाचा हंगाम आपसांत गेला आणि नवाबाला उसंत मिळाली.

३१ मार्च १७४४ ला मनकरा इथल्या शामियान्यात तहाच्या बोलण्याला बोलावून अलिवर्दीखानाने भास्कररामांना एकवीस सरदारांसह कापून काढलं. छावणीत मागे राहिलेले रघूजी गायकवाड तेवढे उरलेली फौज घेऊन निसटले. या विश्वासघाताने मराठे थांबले असं पुष्कळ जण मानतात. मला ते मान्य नाही. पुढच्याच वर्षी रघूजी परत आले आणि स्वाऱ्या आणखी काही वर्षं चालल्या. नवाब म्हातारा झाला, त्याचे अफगाण सरदार उलटले, दोन्ही बाजू दमल्या, तेव्हा १७५१ मध्ये तह झाला: सालीना बारा लाख चौथाई, ओरिसाचा वसूल नागपूरकरांना, आणि सुवर्णरेखा नदी ही सीमा.

बंगाल जिंकून तिथे राज्य करण्याचा बेत नागपूरकरांनी कधी पक्का केलाच नाही. त्यांना चौथाई हवी होती. नदीने त्यांना अडवलं, रयतेने त्यांच्याकडे पाठ फिरवली, पुण्याने पाय ओढला, आणि बारा लाख ठरल्यावर पुढे जाण्याचं कारणच उरलं नाही. एकट्या अलिवर्दीखानाच्या तलवारीने हे झालं नसतं.

ओरिसा मात्र अर्धशतकभर नागपूरकरांकडे राहिला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींनी कटक इंग्रजांना दिलं. त्याच तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही त्यांच्या हातून निजामाकडे गेला, आणि भाम त्यातच होतं.